एक पट्टी खाली

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. भजनात मांडी घालून वाजवतात ती हातपेटी तुम्ही पाहिली असेल. मी तिची थोरली बहीण. उंचीने कपाटाएवढी, अंगाने जाड. मला वाजवायचं तर खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी पायडल हाणावं लागतं, तेव्हा कुठं माझ्या भात्यात हवा भरते आणि मी तोंड उघडते.

सध्या माझा मुक्काम ब्राह्मणपुरीला, प्रेमचंद पाटलांच्या पुढच्या खोलीत आहे. डाव्या अंगाला ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं, उजव्या अंगाला फवारणीचा पंप. डोक्यावर टीव्हीचा डबा, एक चष्मा, कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण आणि केळी पिकली की नाही हे बघायला ठेवलेली एक फणी. माणसांना सपाट जागा दिसली की ती तिथं काहीतरी ठेवणारच. माझी त्याला हरकत नाही. हरकत असती तरी विचारणार कोण?

इतकी वर्षं माणसं जवळून बघितली. कोण मनापासून हवा भरतो, कोण नुसत्याच पट्ट्या बडवतो आणि कोण दुसऱ्याला पायडल मारायला बसवून स्वतः टाळ्या घेतो, हे सगळं माझ्याकडं जमा आहे. पण आज सांगायची आहे ती मोहिनीची गोष्ट. मोहिनी प्रेमचंदची एकुलती एक मुलगी. परदेशात गाते. म्हणजे गात होती. तिचा गळा परत उभा राहील की नाही, हाच सध्या या घरातला एकमेव प्रश्न आहे, आणि तो प्रश्न माझ्याच पट्ट्यांवर येऊन बसला आहे.

सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. तिथल्या सुतारांनी माझं अंग ओक लाकडाचं केलं आणि पोटात पितळेच्या पातळ जिभा बसवल्या. पेटीवाले त्या जिभांना ‘सूर’ म्हणतात. पट्टी दाबली की तिच्याखालचा सूर थरथरतो आणि आवाज येतो. बोटीने, आगगाडीने आणि शेवटी बैलगाडीने मी नवापूरकडच्या एका दवाखान्यात पोचले. तिथं गोऱ्या नर्सबाई संध्याकाळी माझ्यावर प्रार्थना वाजवायच्या. पुढं त्या मायदेशी गेल्या, दवाखाना बंद पडला आणि मी, तिथल्या गाण्यांच्या पुस्तकांच्या पेटाऱ्यासकट, शहाद्याच्या एका मुलींच्या शाळेत आले. शाळेत अनुसयाबाई होत्या. त्या लहानपणी त्याच दवाखान्याच्या आवारात वाढल्या, नर्सबाईंच्या मांडीवर बसून पेटी शिकल्या. मुलींना गाणं शिकवायच्या, आणि रोज सकाळी माझ्यावर फडकं मारल्याशिवाय चहा घ्यायच्या नाहीत. ते माझे सुखाचे दिवस.

एका उन्हाळ्यात माझी सगळ्यात उजवीकडची पट्टी मुकी झाली. खालचा सूर तुटला होता. अनुसयाबाईंनी मगन मिस्त्रींना बोलावलं. मगन मिस्त्री गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचे. त्यांनी माझं पोट उघडलं, तुटलेला सूर काढला, आणि तसला दुसरा आपल्या पिशवीत नाही म्हटल्यावर एक शक्कल लढवली. त्यांच्या मते उजवीकडची पट्टी मुकी राहून चालणार नव्हतं, कारण पोरी नेमकी तीच दाबून बघतात. डावीकडची शेवटची कुणी हात लावत नाही. तेव्हा वर्गात एका बाकावरची मुलगी गैरहजर असावी आणि बाईंनी सगळ्यांना एकेक जागा पुढं सरकायला सांगावं, तसं त्यांनी माझे सगळे सूर एकेक घर उजवीकडं सरकवले. जिथं बसेना तिथं कानशीने लाकूड घासलं. डावीकडचं शेवटचं घर रिकामं राहिलं. बाकी झकास.

फक्त एवढंच झालं, की आता कोणतीही पट्टी दाबा, तिच्या डाव्या शेजारणीचा आवाज यायचा. मी आख्खी एक पट्टी खाली उतरले होते.

अनुसयाबाईंनी प्रार्थना वाजवली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. “मगनभाऊ, प्रार्थना खाली गेली हो!”

“बाई, सा कोठेबी धरा, गानं तेच शे,” मिस्त्री हत्यारं गुंडाळत म्हणाले. “पोरीसले तरास व्हस का? नही ना? मंग?”

मिस्त्री त्यांच्या धंद्याच्या हिशेबाने शंभर टक्के बरोबर होते. आपल्याकडं गाणाऱ्याचा गळा जिथं बसेल तिथं सा. पण माझ्या पेटाऱ्यातली गाणी परक्या देशाची, ठिपक्यांनी लिहिलेली. तिथं प्रत्येक सुराचं घर ठरलेलं, घरावर नाव लिहिलेलं. आमच्या घरांतली माणसं शेजारी राहायला गेली आणि दारावरच्या पाट्या मात्र जुन्याच राहिल्या. अनुसयाबाईंना हे कळत होतं. पण पोरींना खरंच त्रास होत नव्हता, उलट वरची जागा सोपी झाली होती. बाईंनी विषय सोडला.

त्याच वर्षी पाचवीत मोहिनी आली.

ब्राह्मणपुरीहून एसटीने यायची. काडीसारखी पोर, पण तोंड उघडलं की खिडकीच्या काचा हलायच्या. लग्नात बायका गाणी म्हणायला बसल्या की हिचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून जायचा. तिची आई, जसोदाबाई, तिला कोपराने ढोसायची. “इतलं बारीक कोन गास वं? मांजर दाबाई गयी का पायखाले?” बायका हसायच्या. मोहिनी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन माझ्यापाशी तो सगळा आवाज मोकळा करायची.

अनुसयाबाईंनी तिला ठिपके वाचायला शिकवले. पेटाऱ्यात तीनशे वर्षांपूर्वीची गाणी होती, उंच, वेलबुट्टीची, एका श्वासात लांब जाणारी. दोघी मिळून ती सोडवायच्या, जसं कोडं सोडवावं. या पोरीची एक गंमत होती. तुम्हाला एकदा पाहिलेला चेहरा जसा ओळखू येतो, तसा तिला एकदा ऐकलेला सूर कायमचा ओळखू यायचा. ठिपका दिसला की गळ्यातून नेमका तो सूर. पण तिने सगळे सूर ओळखले ते माझ्याकडून. म्हणजे सगळे सरकलेले. जगाच्या पाटीवर जे नाव, त्या नावाने मोहिनीच्या गळ्यात एक पट्टी खालचा माणूस राहत होता. हे तिला माहीत नव्हतं, आणि तिला सांगणारं कुणी नव्हतं.

पुण्याला कॉलेजात गेल्यावर ते बाहेर आलं. तिथं पाश्चात्त्य गाणं शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, “मोहिनी, तू खाली गातेस.” समूहात उभी राहिली की बाकीच्यांना खाली ओढते म्हणून तिला मागच्या रांगेत टाकलं. मग बाहेरच काढलं. दिवाळीच्या सुट्टीत ती शाळेत आली, माझ्या पट्ट्यांवर कोपरं टेकून बसली. अनुसयाबाई शेजारी होत्या.

“बाई, मी बेसूर आहे का?”

“तू बेसूर असशील तर मी बहिरी आहे,” बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. त्यांना मगन मिस्त्री आठवले असणार. त्यांनी त्या दिवशी पोरीला ती सगळी हकिगत सांगितली. मोहिनी हसली नाही. तिने माझी एकेक पट्टी दाबून पाहिली, जणू घरातल्याच माणसाने इतकी वर्षं खोटं नाव सांगितलं होतं. कळलं म्हणून गळा सुधारत नाही, मित्रांनो. लहानपणी बसलेलं ते बसलेलं. पुढची दोन वर्षं तिने प्रत्येक सूर मनात वर उचलून गायला, आणि उचलता उचलता तिच्या गाण्यातला जीव गेला. घरून जसोदाबाईंनी स्थळं पाहायला सुरुवात केली.

मग पुण्यातच एक पाहुण्या गायिका आल्या. युरोपातल्या. त्यांच्याबरोबर एक जुन्या बांधणीची तारांची पेटी होती, पिसाच्या काडीसारख्या टोकांनी तारा छेडणारी. तिच्यावर त्यांनी एक सूर दिला, आणि मोहिनीच्या अंगावर काटा आला. तो माझा सूर होता. झालं असं, की तीनशे वर्षांपूर्वीचं गाणं गाणारी मंडळी आजही सूर जुन्या काळासारखा उतरवून लावतात, आजच्या मानाने जवळजवळ एक पट्टी खाली. मोहिनीने तोंड उघडलं. काहीही उचलावं लागलं नाही. पाहुण्या बाईंनी तिला विचारलं, तुझा कान कुणी लावला? ती म्हणाली, “शहाद्याच्या पेटीने.” बाईंना शहादा हे युरोपातलंच एखादं जुनं गाव वाटलं.

पुढचं सगळं भराभर झालं. नेदरलँड्सला शिक्षण, मग तिथंच काम. दगडी चर्चमधून, जुन्या नाट्यगृहांतून ती गाऊ लागली. बायकांच्या आवाजातला जो सगळ्यात वरचा, त्याला तिकडं सोप्रानो म्हणतात. मोहिनी त्यातली, आणि तीही फक्त त्या जुन्या गाण्यांची. त्या गाण्यांत एक रीत आहे. पहिला भाग दुसऱ्यांदा येतो तेव्हा गायकाने त्यात स्वतःच्या मनाची नक्षी घालायची. मोहिनी तिथं हळदीच्या गाण्यातली मुरकी अलगद सरकवायची. तिकडच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, हे अलंकार कोणत्या घराण्याचे आहेत कळत नाही. जसोदाबाईंना विचारलं असतं तर कळलं असतं.

इकडं माझे दिवस फिरले. अनुसयाबाई निवृत्त झाल्या आणि काही काळाने वारल्या. शाळेने विजेवर चालणारा कीबोर्ड आणला. मला व्हरांड्यात मोडक्या बाकांखाली टाकलं. पोरांनी माझ्यावर नावं कोरली, भात्यात उंदरांनी बाळंतपणं केली. एकदा मोहिनीने फोनवर वडिलांना विचारलं, “आबा, बाईसनी पेटी कशी शे?” प्रेमचंदने पेटी कधी नीट पाहिलीही नव्हती. तो दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन शाळेत गेला आणि मला ट्रॉलीत घालून, वर केळीची पानं पसरून, घरी आणलं. कुणाला कळू नये म्हणून पानं, की धूळ बसू नये म्हणून, ते त्यालाच माहीत.

प्रेमचंदला गाण्यातलं काही कळत नाही. संध्याकाळी शेतावरून आला की तो माझ्यासमोर बसायचा आणि पट्टी न दाबता नुसतं पायडल मारायचा. भाता भरायचा, रिकामा व्हायचा. आवाज नाहीच. तेवढ्याने त्याला बरं वाटायचं.

पोरगी परदेशात गाते एवढं गावाला माहीत होतं. पण नेमकं काय गाते, हे प्रेमचंदलाही ठाऊक नव्हतं. शेवटी एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने धीर केला.

“मोही, तू जे गास, तेले काय म्हनतस?”

“बरोक, आबा.” तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या गाण्याचं तिकडचं नाव.

“बारीक?”

तिकडं मोहिनी पोट धरून हसली. “हां आबा, बारीकच समजा.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून पारावर, दूध डेअरीत, खताच्या दुकानात बातमी: प्रेमचंदनी आंडेर, म्हणजे लेक, परदेशमा बारीक गास. “आमी भजनमा जाडं गातस, म्हनीसन आमले कोनी इमानमा बसाडत नही,” असं भजनी मंडळातले लोक म्हणायचे. प्रेमचंद खूश. इतक्या वर्षांनी त्याला मुलीच्या कामासाठी एक शब्द मिळाला होता, आणि खरं सांगू, तो शब्द काही फार चुकला नव्हता.

या हिवाळ्यात मोहिनी अचानक घरी आली. बॅग ठेवली, आईच्या गळ्यात पडली आणि एक शब्दही बोलली नाही. गळ्यातल्या पडद्यांना सूज आली होती. गाण्यावर गाणं, प्रवासावर प्रवास, तापात घेतलेला एक कार्यक्रम, आणि एका संध्याकाळी मध्येच आवाज तुटला. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलणं बंद, पूर्ण बंद, मग बघू.

तुम्हीच सांगा, आपल्या गावात गप्प राहणं किती अवघड! शेजारच्या शोभाबाई रोज खबर घ्यायला.

“काय वं माय, परदेशमा बोलाले बंदी शे का?” मग जसोदाबाईंकडं वळून, “बारीक गाई गाई पोरना गळाच बारीक व्हई गया. आते भजनमा बसाड तिले, जाडं गाऊ दे.”

जसोदाबाई हसून चहा टाकायच्या. शोभाबाई गेल्यावर कप आपटायच्या.

ईस्टरच्या आधी तिकडं एक मोठं गायन असतं. येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा, सोबत वाद्यं, समूह, आणि एकट्याने गायची गाणी. त्यातली वरच्या आवाजाची सगळी गाणी यंदा मोहिनीकडं आली होती. अशी संधी तिच्या धंद्यात पुन्हा पुन्हा येत नाही. तिकडच्या मंडळींनी कळवलं होतं, होळीपर्यंत थांबतो. तोवर हो किंवा नाही सांग. नाहीतर दुसरी गायिका उभी करू.

गळ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई मोबाईलवर दिसायच्या. बरेच दिवस गप्प बसवल्यावर त्यांनी परवानगी दिली: लहानपणी जिथून सुरुवात केली तिथूनच कर, अगदी हळू, तोंड मिटून. मोहिनीने माझ्या डोक्यावरची केळी, चष्मा, डबा सगळं खाली ठेवलं आणि झाकण उघडलं. एक पट्टी दाबली. तोंड मिटून नुसतं गुणगुणली. तो सूर माझ्या सुरात असा मिसळला, की कुठं मी संपते आणि कुठं ती सुरू होते ते मलाही कळलं नाही.

बाईंनी पट्टीही ठरवून दिली. या पट्टीच्या वर जायचं नाही, काही झालं तरी नाही. हे ऐकून प्रेमचंद उठला, देवघरातून कुंकू आणलं, बोट ओलं केलं आणि त्या पट्टीवर टिळा लावला. दसऱ्याला ट्रॅक्टरला लावतो तसाच. “याना वर जावानं नही,” त्याने मोहिनीला बजावलं. ती मान डोलावून हसली. माझ्या आयुष्यात मला असा मान कुणी दिला नव्हता.

दिवसेंदिवस सूर मोकळा होत गेला. सगळ्यांना वाटू लागलं, जमेल.

आता भूपेश येतो. भूपेश म्हणजे प्रेमचंदचा पुतण्या, शहाद्यात डीजे आणि मंडपाचा धंदा. वाईट मुलगा नाही. फक्त मोबाईल जे सांगेल ते देववाणी. एक दिवस तो काकांना भेटायला आला, माझी पट्टी दाबली आणि सूर ओळखणारं ॲप लावून मोबाईल माझ्यासमोर धरला.

“काका, ही पेटी खाली शे. पुरी एक पट्टी खाली.”

“खाली म्हंजे?”

“म्हंजे चुकीनं बोली ऱ्हायनी.”

प्रेमचंदचा चेहरा पडला. “मंग मन्ही आंडेरबी चुकीनं गाई ऱ्हायनी?”

“ते माले काय माहीत, काका. मोबाईल सांगस.”

मोहिनी तेव्हा मळ्यात आईबरोबर होती. तिला विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण प्रेमचंदच्या डोक्यात एकच बसलं: चुकीच्या पेटीवर गाऊन गाऊन पोरीचा गळा बसला, आणि ही पेटी आपणच ट्रॉलीत घालून आणली. त्याला झोप लागेना. भूपेशला म्हणाला, “सुरतहून चांगला मानूस बलाव. मोहीले सांगू नको. ती डॉक्टरकडथीन येवाना पहिले व्हयी जावाले पाहिजे.”

मोहिनी तपासणीसाठी सुरतला गेली, दोन दिवस मामाकडं राहणार होती. तेवढ्यात कारागीर आला. माणूस हुशार. त्याने माझं पोट उघडलं, मगन मिस्त्रींची करामत पाहिली, मोठ्याने हसला, आणि प्रत्येक सूर ज्याच्या त्याच्या घरी नेऊन बसवला. उजवीकडच्या घरात आपल्या पिशवीतला नवा सूर बसवला. भाता नव्या कातड्याचा केला. अंगाला पॉलिश केलं. फक्त त्या टिळ्याला प्रेमचंदने हात लावू दिला नाही. “तो डॉक्टरना शे,” म्हणाला.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. जन्मले तशी मी पुन्हा झाले होते. डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत एकही घर रिकामं नाही. पण माझा आनंद दोन दिवसच टिकला.

मोहिनी परत आली. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सूज उतरली आहे, पण पडदे अजून कोवळे आहेत. ठरलेल्या मर्यादेत गा, हळूहळू. प्रेमचंद दारातच उभा होता, लग्नात वरबाप उभा राहतो तसा. तिला हाताला धरून माझ्यासमोर आणलं. ती बसली, पट्टी दाबली, आणि तिचा हात जागीच थांबला. तिच्यासारख्या कानाला एक सूर पुरतो. तिने दुसरी दाबली, तिसरी दाबली. मग वर पाहिलं. प्रेमचंदचा चेहरा नव्या पॉलिशपेक्षा जास्त चमकत होता.

“आते बरोबर शे ना?”

कितीतरी दिवसांत मोहिनी मोठ्याने बोलली नव्हती. तिने गळा साफ केला आणि म्हणाली, “बरोबर शे, आबा.”

हे तीन शब्द तिला फार महागात पडले.

रोज सकाळी प्रेमचंद समोर मांडी घालून बसू लागला. चहा हातात गार व्हायचा. एक डोळा मुलीवर, एक डोळा टिळ्यावर. मोहिनी खालून सुरुवात करून टिळ्यापर्यंत जायची. पट्टी तीच, टिळा तोच, पण आता तिथला आवाज पूर्वीपेक्षा वरचा होता. जिथं जायची मनाई, नेमकी तिथं ती रोज जात होती. त्यातही मन एक सूर सांगत होतं आणि पेटी दुसरा, आणि ती पुण्यातल्यासारखी सगळं उचलून उचलून गात होती. एक पट्टी डावीकडं सरकली असती तरी भागलं असतं. पण मग प्रेमचंदने विचारलं असतं, टिळ्यापर्यंत का जात नाहीस? मला सगळं दिसत होतं. मी ओरडू शकत नव्हते. जी पट्टी दाबतील तेवढंच मला बोलता येतं.

होळी तोंडावर आली. डोंगरातल्या काठी गावच्या होळीला जाणाऱ्या जीपा गावावरून जाऊ लागल्या. त्या सकाळी मोहिनी टिळ्यापर्यंत पोचली आणि आवाजाच्या जागी नुसती हवा आली. हवेचा आवाज मला चांगला कळतो. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. तिने पट्ट्यांवरून हात काढून मांडीवर ठेवले.

प्रेमचंद गडबडून उठला. “काय व्हयनं? पानी आनू?”

स्वयंपाकघराच्या दारात जसोदाबाई पीठभरल्या हातांनी उभ्या होत्या. “पानी नका आनू,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मी रोज भाकरी करतांना ऐकस. पहिले ही पेटी बशीसन बोले, आते उभी ऱ्हाईसन बोलस. काय करं तुम्ही तिले?”

लग्नातल्या बायकांमध्ये मुलीला कोपराने ढोसणाऱ्या या बाईचा कान असा होता. पोरीने तो कुठून घेतला, ते मला त्या दिवशी कळलं.

प्रेमचंदने मुलीकडं पाहिलं. मोहिनीने टिळ्याची पट्टी दाबली आणि नकारार्थी मान हलवली. मग तिच्या डावीकडची काळी पट्टी दाबली आणि होकारार्थी हलवली. एवढंच. शेतकरी माणूस, बांध एक हात सरकला तर काय होतं, ते त्याला वेगळं समजवावं लागत नाही. तो खाली बसला.

“मंग तू सांगं का नही माले?”

ती कुजबुजली, “तुम्ही इतला खुशीमा व्हतात, आबा.”

होळीच्या दिवशी मोहिनीने मोबाईलवर चार ओळी लिहिल्या. प्रेमचंद शेजारी उभा होता. ती भाषा त्याला वाचता येत नव्हती.

“काय लिखं?”

“नही म्हनीसन लिखं.”

बाहेर पोरं शेणाच्या गोवऱ्या आणि लाकडं ओढत नेत होती, आरडाओरडा चालला होता. प्रेमचंदने जाऊन दार लोटून घेतलं. मग त्याने विचारलं, “मन्हामुळे?”

नाही म्हणणं सोपं होतं. मलाही वाटलं, आता ती नाही म्हणेल. मोहिनीने मोबाईल माझ्या झाकणावर पालथा ठेवला.

“थोडं तुमनामुळे. थोडं मी बोलनी नही, तेन्हामुळे.”

ते गायन झालं. दुसऱ्या गायिकेने गायलं. मोहिनीने ते मोबाईलवर कानात तारा घालून पूर्ण ऐकलं, आणि शेवटी एकटीच टाळ्या वाजवल्या, आवाज न करता. भूपेश येऊन म्हणाला, त्या कारागिराला परत बोलावतो, पेटी होती तशी करून देतो. मोहिनीने हाताने नको म्हटलं. आता ती डावीकडची पट्टी दाबते. मन आणि बोट यांचं भांडण ती रोज थोडं थोडं मिटवते. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. किती, ते सांगत नाहीत. शोभाबाईंनी तिला भजनात बसवायचा नाद अजून सोडलेला नाही.

तर मित्रांनो, जुनी वस्तू दिसली की ती पुसा, तिला ऊन-पावसापासून जपा, तिच्या डोक्यावर केळी ठेवू नका, हे सगळं मी तुम्हाला सांगणारच. पण माझं मागणं त्याहून मोठं आहे. एखादी वस्तू असो की माणूस, ते वाकडं दिसलं म्हणून लगेच सरळ करायला धावू नका. त्याच्याजवळ जो रोज बसतो, त्याला आधी विचारा. आणि तुम्हाला कुणी प्रेमाने विचारलं, की आता बरोबर आहे ना, तर समोरच्याचा चेहरा बघून उत्तर देऊ नका. दुखत असेल तर दुखतं म्हणा.

प्रेमचंद आता रोज विचारतो. आज सकाळीही शेतावर जायच्या आधी तो माझ्यासमोर बसलेल्या मोहिनीजवळ आला आणि म्हणाला, “आज कशी शे?”

मोहिनीने गळ्यावर हात ठेवून अंदाज घेतला.

“आज नही, आबा.”

“बरं,” तो म्हणाला. त्याने माझं झाकण हळूच लावलं, त्याचा आवाज होणार नाही इतकं हळू, आणि दोघं ओट्यावर जाऊन बसली.